अंगठ्याचा ठसा आणि पोलिसांचे दप्तर

‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द आपल्याकडच्या जुन्या खरेदीखतांवर आणि सोसायटीच्या कर्जरोख्यांवर हमखास सापडतात. ज्याला सही करता येत नाही त्याने शाईत अंगठा बुडवायचा आणि कागदावर टेकवायचा. लिहिता न येणाऱ्याला आपण चेष्टेने ‘अंगठाबहाद्दर’ म्हणतो. सही वळवायला शिकता येते, दुसऱ्याच्या सहीची नक्कलही करता येते. अंगठ्याचे तसे नसते. म्हणूनच शिकलेल्या माणसालाही आज शिधावाटपाच्या दुकानात, बँकेत, पासपोर्ट कार्यालयात बोटे काचेवर टेकवावी लागतात.

बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार कसा ओळखतात हे विज्ञानाच्या पुस्तकांतून आणि रहस्यकथांतून आपण वाचलेले असते. ‘हा ठसा कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी आणि पोलिसांनी दीडशे वर्षे खर्च केली. त्याच्या शेजारी दुसरा एक प्रश्न कायम उभा होता, त्याच्याकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले. हा ठसा कोणाच्या दप्तरात राहणार, तो कोणी पाहायचा, आणि ज्याचा तो आहे तो निर्दोष ठरला तर तो दप्तरातून काढायचा कोणी? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग भारतात घडला. दुसऱ्याचे उत्तर भारतासह सगळे जग अजून शोधत आहे. या लेखात दोन्ही प्रश्नांचा इतिहास एकत्र पाहू.

हर्शेलचा करार

युरेनस ग्रहाचा शोध लावणारा विल्यम हर्शेल विज्ञानाच्या शिक्षकांना परिचित आहे. त्याचा नातू विल्यम जेम्स हर्शेल कंपनी सरकारच्या नोकरीत बंगालमध्ये होता. जुलै १८५८ मध्ये जंगीपूर येथे त्याने रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी केला. १८५७ च्या उठावाची धग अजून विझली नव्हती, आणि करार करून पुढे नाकारण्याचे प्रकार होत असत. कोनाईने नंतर ‘ही सही माझी नव्हेच’ असे म्हणू नये म्हणून हर्शेलने त्याच्या तळहाताला शाई लावून कराराच्या मागे पंजाचा ठसा घेतला. त्याचा हेतू माणूस ओळखण्यापेक्षा त्याला धाक घालण्याचा अधिक होता.

पुढे मात्र हर्शेलला या रेषांचा नादच लागला. त्याने मित्रांचे, नातेवाइकांचे आणि स्वतःचे ठसे जमवले, वर्षानुवर्षांनी पुन्हा घेतले आणि ताडून पाहिले. रेषा बदलत नाहीत असे त्याला दिसून आले. १८७७ मध्ये हुगळी येथे मॅजिस्ट्रेट असताना त्याने तीन ठिकाणी ठशांचा वापर सुरू केला. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे ठसे घेतले, कारण पेन्शनर वारल्यावरही त्याच्या नावाने कोणीतरी पैसे उचलत असे. दस्तऐवजांच्या नोंदणीत ठसे आले. तुरुंगातही आले, कारण शिक्षा एकाला व्हायची आणि पैसे घेऊन तुरुंगात दुसराच बसायचा.

यातला पहिला आणि दुसरा उपयोग ठसा देणाऱ्याच्याही हिताचा होता. त्याचे पेन्शन आणि त्याची जमीन ठशामुळे सुरक्षित राहत होती. तिसरा उपयोग शासनाच्या हिताचा होता. ठसा एकच असला तरी तो कोणत्या कामासाठी घेतला यावर त्याचा अर्थ बदलतो, ही गोष्ट इथूनच लक्षात ठेवावी लागेल.

टोकियोत काम करणारा स्कॉटिश डॉक्टर हेन्री फॉल्ड्स याने १८८० मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात पत्र लिहून गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या ठशांवरून गुन्हेगार शोधता येईल असे सुचवले. त्यानंतर फ्रान्सिस गॅल्टन याने हर्शेलचे साहित्य मिळवून १८९२ मध्ये ठशांवर पुस्तक प्रसिद्ध केले. दोन वेगळ्या बोटांचे ठसे तंतोतंत सारखे असण्याची शक्यता त्याच्या हिशेबाने ६४०० कोटींत एक इतकी होती. हाच गॅल्टन सुप्रजननशास्त्राचा जनक. ठशांवरून माणसाचा वंश, बुद्धी किंवा स्वभाव कळेल अशी त्याला आशा होती. तसे काहीच आढळले नाही आणि त्याने ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. बोटांवरच्या रेषा साधारण दहाव्या ते चोविसाव्या आठवड्यांच्या दरम्यान गर्भातच तयार होतात. त्यांच्या बारीक तपशिलावर गर्भाशयातील परिस्थितीचाही परिणाम होतो, म्हणून एकसारख्या जुळ्या भावंडांचे ठसेही वेगळे असतात. त्या रेषांत गुन्हेगारी वृत्ती कुठेच लिहिलेली नसते.

पॅरिसचा कारकून

त्याच काळात पॅरिसच्या पोलीस कचेरीत आल्फोन्स बर्तियाँ नावाचा कारकून कंटाळवाणे काम करत होता. अटक झालेल्यांची वर्णने ‘मध्यम उंची, साधारण चेहरा’ अशा शब्दांत लिहिलेली असत. त्यावरून कोणीच ओळखू येत नसे. त्याचे वडील संख्याशास्त्रज्ञ होते, त्यामुळे मोजमापांचे संस्कार घरातच झालेले. प्रौढ माणसाच्या हाडांची लांबी फारशी बदलत नाही, हे धरून त्याने डोक्याची लांबी व रुंदी, मधले बोट, डावे पाऊल, कोपरापासून बोटापर्यंतचे अंतर अशी अकरा मापे ठरवली आणि त्यांनुसार कार्डे लावली. १८८३ च्या फेब्रुवारीत त्याने नाव बदलून आलेला पहिला जुना गुन्हेगार पकडून दाखवला. थोड्याच वर्षांत ही पद्धत युरोप-अमेरिकेत आणि भारतातही पसरली.

बर्तियाँच्या पद्धतीत दोन दोष होते. मापे घेणारा बदलला की आकडा बदलायचा. शिवाय गुन्हेगार हाताची लांबी मागे सोडून जात नाही, बोटांचे ठसे मात्र सोडून जातो. १८९२ मध्ये अर्जेंटिनात हुआन वुसेतिच याने बसवलेल्या पद्धतीच्या आधाराने दारावरच्या रक्ताळलेल्या ठशावरून खुनाचा उलगडा झाला, तेव्हा ठशांची ताकद दिसून आली. अडचण एकच उरली. दहा हजार माणसांच्या ठशांतून हवा तो कागद शोधायचा कसा?

कलकत्त्याचे १०२४ कप्पे

हे कोडे कलकत्त्यात सुटले. १८९१ मध्ये बंगालचा पोलीस महानिरीक्षक झालेल्या एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन अधिकारी होते. वर्गीकरणाचे गणित बसवण्यात हक यांचा वाटा मोठा होता. पद्धत मात्र जगभर ‘हेन्री पद्धत’ म्हणूनच गाजली. हक आणि बोस यांच्या कामाची सरकारी कबुली पुष्कळ वर्षांनी आली.

गणित साधे आहे, आठवी-नववीच्या मुलांना सहज कळेल. बोटावरच्या रेषांचे ढोबळ प्रकार म्हणजे कमान, फास आणि चक्र. सुमारे साठ ते पासष्ट टक्के बोटांवर फास असतो, तीस ते पस्तीस टक्क्यांवर चक्र, आणि पाच टक्क्यांच्या आसपास कमान. वर्गीकरणाच्या पहिल्या पायरीवर एवढेच पाहायचे, की बोटावर चक्र आहे की नाही. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. प्रत्येक जोडीत चार शक्यता: दोन्ही बोटांवर चक्र, फक्त पहिल्यावर, फक्त दुसऱ्यावर, किंवा कोणावरच नाही. पाच जोड्यांसाठी ४ × ४ × ४ × ४ × ४ म्हणजे १०२४ शक्यता होतात. बत्तीस आडव्या आणि बत्तीस उभ्या रांगांचे एक कपाट केले की प्रत्येक माणसाचा कागद त्यातल्या एका ठरावीक कप्प्यात जाऊन पडतो. आता दहा हजार कागद चाळायला नकोत, एका कप्प्यातले थोडे पाहिले की पुरे. काही कप्पे इतरांपेक्षा फार लवकर भरत, त्यांचे पुढे पोटविभाग केले.

तज्ज्ञ समितीने ही पद्धत मापांपेक्षा सरस ठरवली आणि १८९७ च्या जून महिन्यात ती भारतात स्वीकारली गेली. कलकत्त्यातील केंद्र हे जगातल्या पहिल्या अंगुलिमुद्रा केंद्रांपैकी एक. लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये हेन्रीनेच असे केंद्र उघडले, पण ते १९०१ मध्ये.

पहिला गाजलेला खटला जलपायगुडीच्या चहामळ्यातला. तिथल्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि पैसे चोरीला गेले. मळ्यातले मजूर, स्वयंपाकी, जवळून गेलेले काबुली अशा अनेकांवर संशय होता. पेटीतल्या कागदांत बंगाली पंचांगाची पुस्तिका होती, तिच्यावर तपकिरी डाग होते. त्यातला एक डाग कांगाली चरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. चोरीच्या जुन्या शिक्षेमुळे त्याचे ठसे कलकत्त्याच्या कपाटात होते. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, खुनासाठी दिली नाही. ठशावरून एवढेच सिद्ध होते, की त्याचा हात त्या पुस्तिकेला लागला होता. खून करताना त्याला कोणी पाहिले नव्हते.

या खटल्यात दप्तराचे दोन्ही फायदे दिसतात. गुन्हेगार सापडला, आणि ज्यांच्यावर उगाच संशय होता ते सुटले. पुराव्यातून जेवढे निघते तेवढेच मानायचे, ही शिस्तही न्यायालयाने पाळली. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, भारतीय पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन ठसेतज्ज्ञाचे मत ग्राह्य धरले जाऊ लागले.

दप्तरात कोणाची नावे?

कपाट तयार झाले. आता त्यात कोणाचे कागद ठेवायचे? शिक्षा झालेल्याचे ठेवायचे हे समजण्यासारखे आहे. पण भारतात आधीपासून एक वेगळीच यादी होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. हा कायदा सुरुवातीला उत्तर भारतात लागू झाला. १९११ मध्ये नवा कायदा होऊन त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली. आपल्याकडचे पारधी, कैकाडी, टकारी, भामटा, कंजारभाट असे समाज त्यात ओढले गेले. माणसांची नोंदवही ठेवायची, त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूर, हुबळी, विजापूर अशा ठिकाणी त्यांच्यासाठी वसाहती होत्या. त्यांना लोक ‘सेटलमेंट’ म्हणत.

१९११ च्या कायद्यातल्या एका कलमाने नोंदवहीतल्या कोणाही माणसाचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार दिला. त्याने काही गुन्हा केला असण्याची गरज नव्हती. बोटांच्या रेषांत जात किंवा स्वभाव दिसत नाही असे गॅल्टनने लिहून वीस वर्षेही झाली नव्हती. विज्ञानाने जे नाकारले ते दप्तराने करून दाखवले. यादी जातीवरून झाली आणि ठसे यादीवरून घेतले गेले.

गणिताच्या अंगानेही यात एक चूक आहे. एखाद्या गावातल्या एकाच वस्तीचे ठसे दप्तरात असतील, तर गुन्ह्याच्या जागी सापडलेला ठसा जुळला तर त्या वस्तीतल्याच कोणाशी तरी जुळेल. इतरांचे ठसे दप्तरात नाहीतच, मग ते सापडतील कसे? वर्षअखेरीस हिशेब मांडला की त्या वस्तीत गुन्हेगार जास्त आहेत असे दिसते आणि यादी बरोबर होती असे वाटू लागते. नमुना निवडतानाच दोष राहिला, तर निष्कर्षात तो दोष वस्तुस्थितीचे सोंग घेऊन येतो.

हा कायदा मुंबई राज्यात १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला तरी शिक्का लगेच गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे १९८७ चे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

जोहान्सबर्गचा नकार

ठसे द्यायला संघटितपणे नकार देणारी पहिली मोठी चळवळही भारतीयांचीच, पण ती झाली दक्षिण आफ्रिकेत. १९०६ मध्ये ट्रान्सवाल सरकारने तिथल्या भारतीयांनी नोंदणी करावी आणि दहाही बोटांचे ठसे द्यावेत असा वटहुकूम काढायचे ठरवले. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये सभा भरली आणि तिथे झालेल्या प्रतिज्ञेतून पुढे सत्याग्रह उभा राहिला. गांधीजींनी या विषयावरचे हेन्रीचे पुस्तक मिळवून वाचले होते. ठसे कायद्याने फक्त गुन्हेगारांकडून घेतले जातात असे त्यांना त्यात आढळले. मग व्यापाऱ्याचे आणि मजुराचे ठसे कशासाठी?

गांधीजींचा आक्षेप शाईला किंवा ठशाला नव्हता. १९०८ मध्ये तडजोड झाल्यावर त्यांनी स्वेच्छेने ठसे देण्याचे मान्य केले, आणि त्याबद्दल आपल्याच एका माणसाचा मारही खाल्ला. सरकारने शब्द पाळला नाही असे दिसल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोंदणीपत्रांची होळी झाली. स्वतःहून दिलेला ठसा आणि गुन्हेगार समजून घेतलेला ठसा यांत त्यांनी केलेला फरक आजही उपयोगी आहे.

१९२० चा कायदा आणि खडकसिंगचे दार

भारतात १९२० मध्ये कैद्यांच्या ओळखीसंबंधी कायदा झाला. कोणाचे ठसे आणि छायाचित्रे घ्यायची याला त्याने मर्यादा घातली. शिवाय ज्याला पूर्वी शिक्षा झालेली नाही असा माणूस निर्दोष सुटला, तर त्याचे ठसे नष्ट करावेत किंवा त्याला परत द्यावेत असे त्यात म्हटले होते. मात्र न्यायालय किंवा जिल्ह्याचे अधिकारी वेगळा हुकूम देऊ शकत. परकीय सरकारच्या कायद्यातही परतीची वाट ठेवलेली होती हे नोंदवले पाहिजे.

कपाटातल्या कागदाला वाट होती, पण ठाण्यातल्या वहीला नव्हती. उत्तर प्रदेशातल्या खडकसिंग यांना १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपावरून पकडले आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिले. खटलासुद्धा चालला नाही. तरीही पोलिसांनी त्यांच्या नावाने ‘हिस्ट्रीशीट’ उघडले. मग रात्री-अपरात्री दार ठोठावणे, झोपेतून उठवणे, गावाबाहेर जायचे तर चौकीदाराला सांगून जाणे असे सुरू झाले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९६२ मध्ये सहा न्यायाधीशांनी रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या. पण बहुमताने असेही म्हटले, की खासगीपणाचा हक्क घटनेत नाही, म्हणून बाकीची पाळत चालू राहू शकते. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी असहमती नोंदवली. त्यांच्या मते अशी पाळत हीच स्वातंत्र्यावरची बेडी होती. त्याआधी, १९६१ मध्ये, ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड’ या खटल्यात अकरा न्यायाधीशांनी ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे असा निर्णय दिलाच होता.

आपल्या वृत्तपत्रांत ‘रेकॉर्डवरील गुन्हेगार’ असा शब्दप्रयोग रोज दिसतो. खडकसिंग रेकॉर्डवर होते, पण गुन्हेगार ठरलेले नव्हते.

लेस्टरचे रेणू आणि अकरा वर्षांचा मुलगा

सप्टेंबर १९८४ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात अलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत सापडली. तिचा गुन्हेतपासातला पहिला मोठा उपयोग एका निरपराध मुलाला सोडवण्यासाठी झाला. दोन मुलींच्या खुनांपैकी एकाची कबुली सतरा वर्षांच्या एका मुलाने दिली होती. डीएनए तपासणीतून दिसले, की दोन्ही खून एकाच माणसाने केले आहेत आणि तो हा मुलगा नाही. मग परिसरातल्या चार हजारांहून अधिक पुरुषांचे नमुने तपासले गेले आणि १९८८ मध्ये खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा झाली.

ब्रिटनने १९९५ मध्ये डीएनएचे राष्ट्रीय दप्तर सुरू केले. निर्दोष सुटलेल्याचा नमुना नष्ट करायचा असा नियम आधी होता. २००१ मध्ये तो बदलून कायमचा ठेवण्याची मुभा देण्यात आली. त्याच वर्षी जबरी चोरीच्या प्रयत्नाचा आरोप असलेला अकरा वर्षांचा एक मुलगा निर्दोष सुटला, आणि दुसऱ्या एका गृहस्थांवरचा खटला मागे घेतला गेला. दोघांनीही आपले ठसे आणि नमुने नष्ट करा अशी मागणी केली. पोलिसांनी ती नाकारली.

हे प्रकरण ‘एस आणि मार्पर विरुद्ध युनायटेड किंग्डम’ या नावाने युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. ४ डिसेंबर २००८ रोजी सतरा न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. गुन्हा कोणता, वय काय, शिक्षा झाली की नाही, यातले काहीही न पाहता सरसकट सगळ्यांची माहिती कायमची ठेवणे हे खासगी जीवनाच्या हक्काचे उल्लंघन आहे असे न्यायालयाने ठरवले. निर्दोष माणसाला शिक्षा झालेल्यांच्या रांगेत बसवले, की त्याच्या निर्दोषपणावरच प्रश्नचिन्ह लागते, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा होता. पुढे २०१२ मध्ये ब्रिटनने कायदा बदलला आणि सतरा लाखांहून अधिक डीएनए नोंदी पुसल्या.

युरोपीय संघाने २०१६ मध्ये पोलीस आणि फौजदारी न्यायाच्या कामातील माहितीसाठी वेगळा निर्देश काढला. त्यातल्या दोन गोष्टी शिक्षकांना विशेष आवडतील. संशयित, शिक्षा झालेला, फिर्यादी आणि साक्षीदार यांच्या नोंदी शक्यतो वेगवेगळ्या ओळखू याव्यात, ही पहिली. प्रत्यक्ष घडलेली वस्तुस्थिती आणि अधिकाऱ्याचे मत यांत नोंदीतच फरक दिसावा, ही दुसरी. प्रयोगवहीत आपण मुलांना ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ वेगवेगळे लिहायला लावतो, तेच हे.

मोठ्या दप्तराचे गणित

दप्तर जितके मोठे तितके चांगले असे वाटते खरे, पण एक हिशेब करून पाहा. समजा, एखाद्या अर्धवट ठशाची चुकीच्या माणसाशी योगायोगाने जुळणी होण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. इतर पुराव्यांवरून एका माणसावर संशय आहे आणि त्याचाच ठसा जुळला, तर योगायोगाची भीती नगण्य. पण आधी कोणावरच संशय नाही आणि तोच ठसा चार कोटी ठशांशी ताडून पाहिला, तर सुमारे चाळीस निरपराध माणसे केवळ योगायोगाने जुळतील.

मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. स्फोटकांच्या पिशवीवरचा ठसा अमेरिकेच्या एफबीआयने आपल्या चार कोटींहून अधिक लोकांच्या दप्तराशी ताडून पाहिला. संगणकाने काढलेल्या वीस नावांत ओरेगॉन राज्यातला एक वकील होता. पूर्वी सैन्यात नोकरी केल्यामुळे त्याचे ठसे दप्तरात होते. तज्ज्ञांनी ठसा त्याचाच असल्याचे ठामपणे सांगितले, स्पॅनिश पोलिसांची शंका बाजूला ठेवली आणि त्याला दोन आठवडे अडकवून ठेवले. शेवटी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला. सरकारला माफी मागावी लागली आणि वीस लाख डॉलर भरपाई द्यावी लागली.

आपल्याकडे असाच प्रश्न गोव्यातून उभा राहिला. वास्को येथील एका गंभीर गुन्ह्याच्या तपासासाठी गोव्यातल्या सर्व आधारधारकांची बोटांची माहिती सीबीआयला द्यावी असा आदेश स्थानिक न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. ही यंत्रणा माणसाची ओळख पटवण्यासाठी आहे, गुन्ह्याच्या जागचे ठसे शोधण्यासाठी नाही, आणि त्यात निरपराध लोक गोवले जातील, असे आधार प्राधिकरणाचे म्हणणे होते. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाच्या संमतीशिवाय अशी माहिती देऊ नये असा अंतरिम आदेश दिला. गॅससाठी दिलेला अंगठा तपासासाठी वापरता येईल का, हा हर्शेलच्या हुगळीतला फरक इथे पुन्हा समोर आला.

आजचे दप्तर

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. खडकसिंग खटल्यातले उलट मत त्यांनी रद्द केले. सुब्बा राव यांचा विचार पंचावन्न वर्षांनी मान्य झाला.

त्यानंतर १९२० च्या कायद्याची जागा २०२२ च्या नव्या कायद्याने घेतली. आता ठशांबरोबर डोळ्यांची बुबुळे व दृष्टिपटल, जैविक नमुने, सही आणि हस्ताक्षरही घेता येते. शिक्षा झालेल्या आणि अटक झालेल्या कोणाचीही मापे घेता येतात. मात्र अटकेतला माणूस जैविक नमुना द्यायला काही गुन्ह्यांत नकार देऊ शकतो. नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे ७५ वर्षे राहतात. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस सर्व अपिले संपल्यावर निर्दोष ठरला तर नोंद नष्ट करावी अशी तरतूद आहे, पण न्यायालय लेखी कारण देऊन ती ठेवू शकते. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा जो हक्क त्यात आहे, तो गुन्ह्यांच्या तपासासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही.

नवी साधने पोलिसांना हवीत यात शंका नाही. पूर्वी ज्या शोधाला आठवडे लागत तो आता काही मिनिटांत होतो, आणि फिर्यादीलाही न्याय हवाच असतो. पण कपाटाचा वेग वाढला तसा परतीच्या वाटेचा वाढलेला नाही. अपिले संपायला वर्षे लागतात, आणि नोंद काढून घ्यायची असते हेच अनेकांना ठाऊक नसते. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले, की मागास समाजातल्या निरपराध माणसांची नावे हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे जाऊ नयेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तुरुंगातल्या कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. १८७१ च्या यादीची सावली किती लांब पडली हे यावरून कळते.

शाळेत ठशांचा प्रयोग करणे सोपे आहे. मऊ पेन्सिल कागदावर घासायची, बोट त्यावर टेकवायचे, वर चिकटपट्टी लावून ती पांढऱ्या कागदावर चिकटवायची. मुलांना आपापली चक्रे मोजू द्या आणि १०२४ पैकी आपला कप्पा शोधू द्या. मात्र प्रयोगाआधी मुलांना विचारा, ज्याला ठसा द्यायचा नाही त्याला देऊ नका म्हणावे, आणि वर्गातल्या फलकावर नावांसकट ठसे लावू नयेत. तास संपला की प्रत्येक कागद ज्याचा त्याला परत द्यावा. परत का देतो हे मुले विचारतीलच. तेव्हा त्यांना खडकसिंग यांची गोष्ट सांगावी.